मूळ कारणाचा रकाना

"फ्रीज आतल्या खोलीत आहे. बूट बाहेर काढा," मी मान वर न करता म्हणाले.

त्याने मुकाट्याने बूट काढले. फ्रीजचा मेकॅनिक सकाळीच येणार होता. हा उंच, जरासा वाकलेला, हातात बॅग... वेगळं काही वाटायचं कारणच नव्हतं. पण त्याने फ्रीज उघडला नाही. दारावर टांगलेली तापमानाची वही घेतली आणि पानं उलटत बसला.

"दर रविवारी एकच सही आहे. सुट्ट्यांनाही. कोणाची?"

"माझी. मी जवळच राहते."

"इतक्या जवळ, की घरी जावंसंच वाटत नाही?"

मेकॅनिकने असं विचारलं तर राग यायला हवा. मला आला नाही. मी नुसतीच हातमोजे घालत राहिले – घातलेले असूनही.

तेवढ्यात मोठ्या मॅडम धावत आल्या. "अहो साहेब, तुम्ही इथे? आम्ही तिकडे सगळे वाट बघतोय!"

तो सीमेपलीकडून आलेला परीक्षक होता.

आमची प्रयोगशाळा गुन्ह्यांतले डीएनए नमुने तपासते. आमच्या कोर्टात आमच्या अहवालाला वजन होतं, पलीकडच्या कोर्टात मात्र तो नुसता कागद. आरोपी सीमा ओलांडून गेला की तेच नमुने तिकडे पुन्हा तपासायचे, आणि त्यात वर्षं जायची. त्यांच्या संस्थेने आम्हाला मान्यता दिली, की आमचा अहवाल तिकडेही चालणार होता. त्यासाठी तो तीन वेळा येणार होता. तीन. मी उगाचच कॅलेंडर पाहिलं.

आत येणाऱ्या प्रत्येकाचा डीएनए आम्ही नोंदवून ठेवतो, म्हणजे चुकून कोणाचा नमुन्यात मिसळला तर कळतं. त्यामुळे ओळख होऊन पाच मिनिटं झाली नाहीत, तोच मी त्याला म्हणाले, "तोंड उघडा."

"आधी मेकॅनिक, आता पेशंट," तो म्हणाला. मी कापसाची काडी त्याच्या गालाच्या आतून फिरवली आणि त्याच्या डोळ्यांकडे पाहायचं टाळलं. जमलं नाही.

दुपारी अंगणातल्या बाकावर तो स्वतःच्या थर्मासमधला चहा पीत बसला होता. परीक्षकाने तपासणीच्या जागी काहीही घ्यायचं नसतं, चहासुद्धा.

"तुमचा मला चालत नाही. माझा तुम्हाला चालेल?"

"नियमात तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हणाले आणि बसले. चहा फार गोड होता. मी संपवला.

तो गेल्यावर दोन महिने मी घरी एकटीच जेवताना त्याच्या प्रश्नांची उत्तरं सुधारत बसायचे. ताईला फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं, तर म्हणाली, "चला, निदान माणूस तरी आहे. मला वाटलं होतं, तू त्या फ्रीजशीच लग्न लावणार."

दुसऱ्या खेपेला तो माझ्या टेबलाशी उभा राहून मी काम कसं करते ते पाहत होता.

"नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून काय करता?"

"दोघं मिळून नंबर मोठ्याने वाचतो."

"आणि दुसरं कोणी नसेल तर?"

"तर मीच दोन आवाजांत वाचते."

तो हसला. अगदी मोकळं, मान मागे टाकून. मास्क घसरून हनुवटीवर आला.

"खरंच?"

"नाही हो... वाट बघते."

तो हसायचा थांबला. मास्क वर घ्यायला त्याला जरा जास्तच वेळ लागला.

दोन दिवसांनी त्याच कामाचा निकाल आला. प्रत्येक तपासणीत एक कोरी नळी ठेवतात. तिच्यात काहीच नसतं आणि काहीच दिसायला नको. माझ्या कोऱ्या नळीच्या आलेखावर मात्र बारीक उंचवटे होते, म्हणजे कोणाचा तरी डीएनए. आमच्याकडच्या नोंदींशी पडताळला. तो होता.

"नवी नळी लाव. स्वच्छ आली की विषय संपला," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "लिहिलंस तर त्यांना या कामावरून काढतील. तिसऱ्या खेपेला तेच यायला हवेत ना?"

हवे होते. माझ्याइतके कोणालाच हवे नसतील. पण असाच एखादा उंचवटा उद्या भलत्याच माणसाला तुरुंगात धाडू शकतो, आणि तो झाकायची सवय माझ्या हाताला लागायला नको होती.

मी त्रुटीचा अर्ज भरला. 'मूळ कारण' या रकान्यात लिहिलं – 'परीक्षकांचा मास्क हसताना घसरला. त्यांना मी हसवलं. ते परीक्षक आहेत, हे मी विसरले होते.' पुढचा रकाना होता, 'पुन्हा होऊ नये म्हणून उपाय'. तो मला भरता आला नाही.

अर्ज सीमेपलीकडे गेला. उत्तर आलं नाही. हिवाळाभर घरातलं घड्याळ फार मोठ्याने वाजत होतं.

तिसऱ्या खेपेला पन्नाशीच्या एक परीक्षक बाई आल्या. तीन दिवस त्यांनी सगळं खरवडून पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "मान्यता मिळेल. स्वतःची चूक लिहिणारी प्रयोगशाळा आम्हाला चालते." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पण एक रकाना कोरा का?"

"उपाय सापडला नाही."

"हं. त्यालाही सापडलेला दिसत नाही." त्यांनी फाइलमधला एक कागद पुढे सरकवला. "संबंधित व्यक्तीचं निवेदन. वाचायचा हक्क आहे तुला."

त्याचं अक्षर बारीक होतं. 'मूळ कारण अपुरं आहे. मास्क घसरला हे खरं, पण लगेच वर घेतला नाही तो मी. त्यांनी माझा चेहरा पाहावा असं वाटलं. या प्रयोगशाळेबद्दल मी आता तटस्थ नाही. यापुढे मला इथे परीक्षक म्हणून पाठवू नये.' खाली सही आणि फोन नंबर.

बाई शांतपणे खिडकीबाहेर पाहत होत्या. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन नंबर लावला.

"तुमचं निवेदन वाचलं," मी म्हणाले. "पडताळून पाहावं लागेल."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मग... यावं लागेल मला."

"सीमेवर विचारतील. येण्याचं कारण काय सांगाल? काम तर संपलं."

"खासगी भेट, असं लिहीन."

"आणि मुक्काम किती दिवस?"

"ते तुम्ही सांगा," तो हळूच म्हणाला. "तुम्ही म्हणाल तो आकडा लिहितो."

माझं सगळं आयुष्य अचूक आकडे सांगण्यात गेलं. त्या दिवशी एकही तोंडातून फुटेना. तो तिकडे थांबून राहिला, आणि मी भिंतीला टेकून हसत होते – रडू येईपर्यंत.