बंद लागत नाही

आधी हातातले फोन खाली ठेवा. जयेशची गोष्ट फोनपासूनच सुरू होते, म्हणून म्हटलं.

जयेश हा कळव्याच्या खाडीवरच्या शेवंतीचा मुलगा. शेवंतीला मी पन्नास वर्षं ओळखते. खोटं बोललीच तर मासळीच्या भावात बोलेल, दुसरीकडे नाही. तेव्हा हे तिच्या तोंडचं आहे असं समजा.

जयेश मोटरसायकलच्या मागे बर्फाचा डबा बांधून डोंबिवलीत घरोघर मासळी पोचवायचा. त्यासाठी त्याने हेल्मेट मागवलं, फोनवरूनच. कंपनीचं नाव कवचवीर. खोक्यावर वाघ, वाघाच्या डोक्यावर हेल्मेट. आतला माल काळा, चकचकीत, आरशासारखा. फक्त हनुवटीखालचा बंद, टोपड्याला असतो तसा, तो लागेना. खटक्यात बंदाची जीभ घातली की टक्क वाजायचं. मान वळवली की सुटायचं. नाव कवचवीर, आणि गळ्यापाशी ढिला. असल्या वाघाला आमच्या खाडीतला खेकडासुद्धा भीत नाही.

एकदा शीळ रस्त्यावर वाऱ्याने ते डोक्यावरून उडालं आणि मागच्या ट्रकच्या चाकाखाली जाता जाता राहिलं. घरी कळल्यावर त्याची बायको दक्षता हिने पोटावर हात ठेवून शपथ घातली. सातवा महिना होता तिला.

"बंद लागेपर्यंत त्या गाडीवर धंद्याला जायचं नाही. टोपड्याचे बंद बांधायला बाप लागेल याला."

दुसरं हेल्मेट घे, असं सगळे म्हणाले. पण जयेश आईवर गेलेला. चूक त्यांची, मी का वाकू, म्हणाला आणि कंपनीला फोन लावला. आधी बासरी वाजली. मग मशीनची बाई बोलली. मग एक पोरगी आली, आवाजात साखर घोळलेली.

"सर, मी हेमाली. तुमची अडचण मी समजू शकते."

"अजून सांगितली कुठे मी? हेल्मेटचा बंद लागत नाही."

"काय बंद होत नाही, सर?"

"अहो, बंद. बंद लागायला पाहिजे."

"बंद करायचंय. ओके सर. अजून काही मदत?"

फोन ठेवायच्या आत निरोप आला: आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.

दुसऱ्या दिवशी तो शहाणा झाला. बंद म्हणालाच नाही, पट्टा म्हणाला. "पत्ता चुकलाय का सर?" असं विचारून त्यांनी पत्ता तपासला आणि तक्रार बंद केली. तिसऱ्या दिवशी एक बाप्या होता. तो म्हणाला, पट्टा सुटतानाचा व्हिडिओ पाठवा, चालत्या गाडीवरचा.

"आणि त्यात मी मेलो तर?"

"त्यासाठी वेगळा विभाग आहे, सर."

हे असं, घोट घोट पाणी पीत सांगितलं मेल्याने. असल्यांना आमच्याकडे मासळी निवडायलासुद्धा बसवत नाहीत. सडकी कोणती न् ताजी कोणती, त्यांना वासाने कळायचं नाही.

मग आला गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. पहाटे अमावास्या लागणार होती. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासळीला गिऱ्हाईक नाही, जयेश रिकामा. खोक्यावर पत्ता होता डोंबिवलीच्या एमआयडीसीतला. धंद्याला जात नाही, दुरुस्तीला जातोय, हे शपथेत बसत नाही, असं दक्षताला सांगून तो संध्याकाळी पावणेसहाला निघाला. हेल्मेट डोक्यात घालून उपयोग नाही, म्हणून कोपरात अडकवलेलं.

सात वाजता पोचला. एका शेडच्या फाटकावर सुधीर नावाचा वॉचमन खुर्चीत पाय वर घेऊन फोनवर नाच बघत होता.

"कवचवीरचं ऑफिस हेच ना?"

"इथे कोण नाय बसत. सगळं फोनवर होतं."

"फोनवर काही होत नाही, म्हणूनच आलोय."

"मग नाय होत."

"वर लाइट दिसतोय."

सुधीरने वर बघितलंसुद्धा नाही. "असेल. वहीत लिवा आणि जावा. माझं काय जातंय?"

वहीत नाव लिहिलं, वेळ लिहिली. कोणाकडे काम, या रकान्यात त्याने लिहिलं: तक्रार.

जिना लोखंडी होता. वर एकच लांब खोली. एकच बल्ब. दोन्ही भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर हेल्मेटंच हेल्मेटं, लोकांनी परत पाठवलेली. प्रत्येकाचा बंद सुटा, खाली लोंबत असलेला. वारा नव्हता. तरी ते हलत होते.

खोलीच्या टोकाला, जिथे उजेड संपत होता, तिथे एक माणूस पाठ करून जमिनीवर बसला होता. मांडीत हेल्मेट घेऊन बंद बांधत होता. मागे न बघता म्हणाला,

"बंद लागत नाही ना?"

जयेशला काय बरं वाटलं असेल सांगा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी दुखणं नीट उच्चारलं होतं. त्याने भडाभडा सगळं सांगितलं. तो माणूस मधे बोलला नाही. अडचण समजू शकतो म्हणाला नाही. नुसता हात मागे केला, आणि जयेशने त्या हातात हेल्मेट दिलं.

हात सराईत होते. खटका मोडून त्याने बाजूला टाकला. जयेशने गाठ ओळखली. जाळ्याची गाठ.

"दादा, कोळ्यातले का तुम्ही?"

"शहाडचा. नदीवरचा."

"इथे कामाला?"

तो म्हणाला, "मीपण तक्रार घेऊनच आलेलो."

"मग?"

"सतरा फोन केले."

"मग?"

"बंद केली."

बल्ब थोडा मंदावला. जयेशला उगाच त्या फोनवरच्या बाप्याचं आठवलं. काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं,

"हा कुठला विभाग म्हणायचा?"

"वेगळा."

हेल्मेट त्याने परत मागे केलं. "बस. घाल."

जयेश बसला. हेल्मेट घातलं. कान बंद झाले. मागून दोन हात आले, हनुवटीखाली. बर्फाच्या डब्यात हात घालणारा माणूस तो, गारठ्याला भिणारा नाही. पण हा गारठा त्याला माहीत नव्हता. गाठ बसली, बंद आवळला.

"पुरे, दादा."

अजून आवळला.

"दादा... पुरे."

"तेव्हा असा लागला असता..." मागचा आवाज म्हणाला. "असा लागला असता, तर..."

जयेशने मान वळवली. त्या माणसाने आपला हात उचलला, डोक्यावर ठेवायला. हात टेकायला हवा होता तिथे टेकला नाही. खाली गेला... अजून खाली गेला...

जयेश जिना कसा उतरला, त्याला आठवत नाही. सुधीर नाचच बघत होता. "वहीत जायची वेळ लिवा," म्हणाला. गाडीला लाथ. गल्ली. मग शीळ रस्ता.

काटई नाक्याच्या पुढे एका टेम्पोने मागून घासलं. गाडी एकीकडे, जयेश दुसरीकडे. डोकं दुभाजकावर आपटलं. एकदा. मग दुसऱ्यांदा. काळं चकचकीत कवच करवंटीसारखं तडकलं. पण डोक्यावरून हललं नाही. बोटभरसुद्धा नाही. लोकांनी उचलून पाणी पाजलं. खांद्याला मार, गुडघा सोललेला. डोक्याला ओरखडा नाही.

कुणाच्या तरी रिक्षाने साडेनऊला घरी आला, हेल्मेट घालूनच. निघत नव्हतं. दक्षताने नखं लावली, नखं मोडली. शेवटी शेवंतीने मासळीची सुरी आणली, बाजूने बंद कापला आणि लेकाचं डोकं मोकळं केलं.

आठ दिवसांनी कंपनीचा फोन आला. बासरी नाही, मशीन नाही, थेट हेमाली. "सर, आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?" दक्षताने फोन सासूकडे दिला. शेवंतीने जे गुण दिले, ते तुम्हा पोरांसमोर सांगण्यासारखे नाहीत. पलीकडून तक्रार बंद झाली असावी.

पण खरी गोष्ट त्या रात्रीचीच. जयेश झोपला, तेव्हा शेवंती कापलेला बंद घेऊन दिव्याखाली बसली. गाठ सोडवून बघायची होती. सुटेना. मग ती नुसती बघत राहिली. दक्षताने विचारलं, "काय झालं, आई?"

"गाठीला तोंड असतं गो. ज्या बाजूला बांधणाऱ्याचा हात, त्या बाजूला तोंड. चालीस वरसं जाली विनली मी, मना कलतं." तिने गाठ उजेडात धरली. "तो मागं बसून बांधत होता म्हणतो ना जयेश? मग तोंड भायेर पायजे."

"मग?"

शेवंतीने बंद परत हेल्मेटला लावून दाखवला, होता तसा. गाठीचं तोंड आत होतं. गळ्याच्या बाजूला. हेल्मेटमध्ये जिथे जयेशचं डोकं होतं, तिथून, आतून कुणीतरी बांधलेली.