फोनमधली गिटार

आमची पहिली भेट जिन्यात झाली. वरच्या पायरीवर तो, खालच्या पायरीवर मी, आणि मध्ये वळणावर अडकलेला त्याचा गिटारचा अँप. चांगला जाडजूड लाकडी खोका, पोटात स्पीकर. मला कामावर जायचं होतं आणि वाट बंद.

"बाजूला होता का जरा?" मी म्हणाले.

"झालो असतो हो, पण मी हात सोडला तर हा थेट तुमच्या अंगावर येईल."

"मग ओढा. मी ढकलते."

"तुम्ही?"

"का? तुम्हाला ओढायला तरी येतं ना?"

ओढता येत होतं. वरच्या मजल्यावर पोचलो तर दुरुस्तीवाल्याच्या दाराला हे भलंमोठं कुलूप! त्याचा चेहरा इतका पडला की मला हसू आवरेना. समोरचं दार आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओचं, म्हणजे माझ्या मामाच्या. मी ते उघडलं. "आणा आत. बघू ह्याला काय दुखतंय ते."

दुखणं किरकोळ निघालं. केबलच्या टोकाशी एक तार सुटली होती. मी डाख दिला, अँपशेजारी जमिनीवर फतकल मारून बसले आणि प्लगवर टिचक्या मारत म्हटलं, "वाजवा आता. खरखर येते का बघू." त्याने फोन रेकॉर्डिंगला लावून समोरच्या स्टुलावर ठेवला. खरखर गेली की नाही, ते घरी जाऊन पुन्हा ऐकायचं होतं म्हणे. पहिल्याच टिचकीला तो दचकून थांबला.

"थांबू नका, वाजवत राहा!"

तो हसला… आणि वाजवत राहिला. अँप तापला तसा जुन्या धुळीचा भाजका वास खोलीत पसरला. त्याची बोटं लांबसडक होती, एकावर चिकटपट्टी. मध्येच त्याने मान वर केली, नेमकी मीही केली. प्लगमध्ये आता काही दोष उरला नव्हता, तरी मी आपली उगाच टिचक्या मारत बसले.

आठवड्याभरात तो परत आला. "पहिलं गाणं करतोय. तुमच्याकडेच रेकॉर्ड करायचं आहे."

मामाने मला बाजूला घेतलं. "ठकू, हे काम तुझं. पोरगा खूश झाला तर ही रेकॉर्डिस्टची खुर्ची आजपासून तुझी. नाही झाला, तर मी जुन्या रेकॉर्डिस्टला परत बोलावणार. मग भाचीबिची काही ऐकायचं नाही."

त्या खुर्चीशेजारी केबली गुंडाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. मला ती खुर्ची हवी होती. त्यात लाजायचं काय?

आणि मला काम येत होतं. अँपच्या कापडापासून बोटभर अंतरावर, स्पीकरच्या मध्यापासून किंचित कडेला मी माईक लावला. एवढ्या जवळून माईक फक्त स्पीकरचं ऐकतो, खोलीतल्या दुसऱ्या कशाचं नाही. मी काचेपलीकडच्या खोलीत त्या खुर्चीवर बसून बटणं जुळवली. आवाज आला तो एकदम स्वच्छ, प्रत्येक तार वेगळी.

त्याने शांतपणे सगळं ऐकलं. मग खिशातून फोन काढला आणि जिन्याच्या दिवशीचं ते रेकॉर्डिंग लावलं.

"मला असं हवंय."

"असं?" मी हसलेच. "अहो, ह्यात खर्ज गायब आहे. भिंतींचा गोंगाट आहे. जरा जोरात वाजवलं की फोन आवाज दाबून टाकतोय. आणि हे तुम्हाला आवडतं?"

"ह्यात गिटार जिवंत वाटते."

"आणि माझ्या माईकमध्ये काय मेलेली वाटते?"

"नाही, नाही… आजारी."

"आजारी!"

"रागावलात की तुमचं नाक लाल होतं," तो म्हणाला.

"नाकाचं बघू नका. गिटारचं बोला."

मग मी माईक हातभर मागे नेला. दोन लावले. तिसरा कोपऱ्यात टांगला. रोज दुपारी तो वाजवायचा, रोज ऐकून मान हलवायचा आणि रोज तो फोन खिशातून बाहेर यायचा. मधल्या वेळात चहा, बिस्किटं आणि भांडणं. तो बुडवलेलं बिस्किट कपात हमखास हरवायचा, मी चमच्याने काढून द्यायचे आणि पुन्हा भांडण जिथे थांबलं होतं तिथून सुरू. तो एखाद्या दिवशी उशिरा आला की मी विनाकारण खिडकी पुसायला घ्यायचे. जिना त्या खिडकीतून दिसतो. त्या फोनचा मात्र मला सवतीसारखा राग यायला लागला. सवत कशाची, हे मी स्वतःला विचारलं नाही.

शेवटी तो म्हणाला, "गाणं उद्यापर्यंत द्यायचं आहे. उद्याही जमलं नाही, तर मी फोनमधलंच घालतो."

"घाला," मी म्हणाले. "पण त्यावर रेकॉर्डिस्ट म्हणून माझं नाव नको."

"तुमचं नाव नसलं तर मला…" तो अडखळला. "बरं. उद्या बघू."

दाराशी उभ्या असलेल्या मामाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीकडे बघितलं. मला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याचाच फोन मागून घेतला. तेच स्टूल, तीच जागा. एकीकडे माझा माईक, दुसरीकडे त्याचा फोन, एकाच वेळी दोन्ही सुरू. होऊन जाऊ दे एकदा दूध का दूध! मी काचेपलीकडे गेले, त्याने वाजवलं, आणि आम्ही दोन्ही ऐकली.

माझा माईक आजारी. आणि त्याचा फोनही आजारी!

तो चक्रावला. "फोन बिघडला की काय?"

"फोनला धाड भरलेली नाही. जरा गप्प बसा."

मी हेडफोन चढवले आणि ते जुनं रेकॉर्डिंग अगदी पहिल्यापासून ऐकलं. टक टक – माझ्या टिचक्या. गिटार अडखळते. मग माझा आवाज, थांबू नका. मग त्याचं हसू… आणि त्या हसण्याच्या पोटातून निघाल्यासारखी ती गिटार. मोकळी, खट्याळ, कुणाला तरी छेडणारी.

कुणाला तरी काय, मलाच! माझे कान लाल झाले. इतके दिवस आम्ही माईक आणि फोन ह्यांची भांडणं लावत बसलो होतो, आणि वाजवणाऱ्या बोटांकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

हेडफोन काढून मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"त्या दिवशी मी कुठे बसले होते?"

"इथे. जमिनीवर."

"आणि आता कुठे असते?"

"काचेपलीकडे."

"मग काचेपलीकडे मी गेले की तुम्हाला काय होतं?"

तो तारांवरून उगाच बोट फिरवत राहिला. "परीक्षेला बसल्यासारखं होतं," तो हळूच म्हणाला. "तुम्ही बटणांकडे बघता. माझ्याकडे… नाही बघत."

पुढचं ठरवायला मला वेळ लागला नाही. मी मामाला हाक मारली. "मामा, तू खुर्चीवर बस. मी आत बसणार आहे."

"खुर्ची सोडतेस?" मामाने सावकाश विचारलं. "नीट विचार कर, ठकू. आजच तर ठरायचं होतं."

जुना रेकॉर्डिस्ट माझ्या डोळ्यांपुढे जिना चढायला लागला होता. पण कानांनी ऐकलेलं खोटं कसं म्हणू?

"माईक मी लावलाय, मामा. कुठे लावायचा ते मी ठरवलंय, आणि वाजवणाऱ्याला काय हवंय तेही मीच शोधलंय. तू फक्त बटण दाब."

जास्तीचे सगळे माईक मी काढून टाकले. एकच ठेवला, पहिल्या दिवशीचा, कापडाला अगदी खेटून. फोन बंद करून त्याच्या खिशात कोंबला आणि अँपशेजारी जमिनीवर बसले.

"हं. आता मला ऐकवा. आणि थांबू नका."

तो हसला. आणि गिटार आली – तीच! पण आता खर्जासकट, अंगभर. जमिनीतून माझ्या तळव्यांपर्यंत पोचत होती. मी त्याच्याकडे बघत होते, बटणं होतीच कुठे बघायला? गाण्याच्या शेवटी त्याने सगळ्या तारा एकदम छेडल्या, खोली दणाणली, आणि तो दणदणाट चालू असतानाच तो खाली वाकला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "मला तू आवडतेस. जिन्यापासून."

"अरे, टेक चालू आहे!" मी त्याच्या कानाशी ओरडले.

"असू दे. तुझा माईक स्पीकर सोडून कुणाचं ऐकतो का?"

"आणि ऐकलं असेल तर?"

"तर गाण्यात राहू दे. मला चालेल."

त्याची कॉलर धरून मी त्याला आणखी खाली ओढलं आणि कानात सांगितलं, "मलाही तू आवडतोस. फोनवर सवतीसारखी जळत होते मी, मूर्खा!"

गिटारचा सूर हळूहळू विरला. काचेपलीकडे मामा हातवारे करत होता.

आम्ही तिघांनी टेक ऐकला. त्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला. त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. "हीच," तो म्हणाला. "हीच ती. त्यापेक्षाही चांगली. गाण्यावर रेकॉर्डिस्ट म्हणून हिचं नाव घालायचं, मामा. मोठ्या अक्षरात."

मामा उठला. खुर्ची गर्रकन माझ्याकडे फिरवली. "बस, ठकू." मी बसले. मांडी ठोकून बसले! माझ्याच खुर्चीत बसायला कसला संकोच?

मामाने मात्र शेवटचा तुकडा परत लावला. कान देऊन ऐकला, पुन्हा एकदा ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"इथे तुमची तोंडं हलत होती. मी बघितलं ना काचेतून! ह्यात तर नुसती गिटारच आलीये. काय म्हणत होता हा?"

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे कान लालबुंद.

"ते माईकमध्ये नाही आलं, मामा," मी म्हणाले. "ते माझ्याकडे आलंय."