तांबी आणि बोंबील

डबा उघडला आणि हर्षदा किंचाळलीच. आत बोंबील! ओलेचिंब, टक लावून तिच्याकडेच बघणारे बोंबील!

झालं होतं असं... तलासरीहून येणाऱ्या जीपमध्ये पायाशी थर्माकोलचे दोन डबे होते. एक तिचा, दुसरा शेजारच्या कुरळ्या केसांच्या मुलाचा. बाजारातली उरलेली मासळी घेऊन तो घरी निघाला होता. गप्पा रंगल्या, आणि डहाणू रोडला बाईसाहेब त्याचाच डबा उचलून उतरल्या! आता जीव टांगणीला. तिच्या डब्यातले नमुने तलासरीच्या बायकांनी केवढ्या विश्वासाने दिले होते. बर्फ वितळला तर सगळं वाया. पुन्हा कुठल्या तोंडाने मागायचे?

झाकणावर नाव होतं — धनेश, धाकटी डहाणू. रिक्षा करून ती तडक निघाली.

वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी तो उभाच होता. "या मॅडम! तुमचीच वाट बघतोय."

"माझा डबा—"

"आहे की! बर्फाचं पाणी होत आलेलं. होडीसाठी आणलेला ताजा बर्फ भरलाय."

तिने झाकण उचललं. नळ्या गारेगार, एकही उघडलेली नाही. त्याला मिठीच मारावीशी वाटली तिला... छे, काहीतरीच!

"पण आहे काय त्यात?"

झालं! आता हा खिदळणार. "तांबी बसवलेल्या बायकांच्या गर्भपिशवीचं अस्तर," ती धीटपणे म्हणाली. "तांब्यामुळे त्यातली कुठली जनुकं जोमाने कामाला लागतात, कुठली गप्प बसतात, ते शोधतेय मी."

धनेशचे कान लालबुंद झाले, पण तो हसला नाही. "आणि तांबी काढली, की सगळं पहिल्यासारखं होतं? आमच्या सरितावहिनीला तीच धास्ती आहे."

आजवर एकाही पुरुषाने हर्षदाला हे विचारलं नव्हतं. किती आवडला तो तिला त्या क्षणी!

"काढल्यावर दिवस राहतात, वहिनींना बिनधास्त सांगा. आतल्या जनुकांचं काय होतं, ते मात्र अजून तपासतेय."

बोंबलांचा डबा परत करताना घेतलेल्या नंबरवर दुसऱ्या दिवशी तिने त्याला फोन केला. "सगळे नमुने शाबूत आहेत! देवासारखे भेटलात हो."

"मग वहिनीला तुम्हीच येऊन समजवा ना. माझं कुठे ऐकते ती? आणि... मलाही—"

"तुम्हालाही काय?"

"मलाही वाटतं, तुम्ही यावं."

हर्षदाने कॅलेंडरकडे पाहिलं. "रविवारी येते. वहिनींशी बोलणं अर्ध्या तासात उरकेल."

"आणि उरलेला दिवस?"

"तुझ्यासोबत," ती म्हणाली.