डाव्या हाताचा माउस

माउसची वायर पुन्हा तुटली, म्हणून आवडाबाई ठाण्याच्या बाजारात गेल्या आणि दुकानदारावरच तापल्या.

"हा नव्या बारक्या पिनेचा कशाला दाखवतोस? माझा कॉम्प्युटर जुना, त्याला मागे चपटी पिन लागते. ही काय तुझ्या डोक्यात खुपसू?"

शेवटी चपट्या पिनेची डबी असलेला बिनवायरचा माउस मिळाला. डबी कॉम्प्युटरला जोडायची, माउस मोकळा. उजव्या हाताला बसेल असा बाकदार त्यांनी परत केला आणि दोन्ही हातांना चालेल असा सपाट घेतला.

"शेजारी कुणाकडे असाच असला तर बाण त्याच्या हाताने फिरेल हां, मावशी. मग खालचं बटण सरकवायचं," दुकानदाराने बजावलं.

सपाट का घेतला, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली ही कोळीण पन्नाशीत कॉम्प्युटर शिकली, वर्तकनगरात लग्नपत्रिकांचं दुकान थाटलं, आणि दुकानात हाताखाली आलेल्या वासंतीलाही तिनेच शिकवलं. वासंती डावखुरी. वायर डावीकडे ओढून ओढून तुटायची. "तुला बिनवायरचा आणते गं," असं आवडाबाई म्हणत राहिल्या, आणि पोर लग्न होऊन मोहन्याला गेली. वर्षभरात तिचा नवरा पोपट सांगत आला, कुणाबरोबर तरी पळाली.

"माझी पोर पळणारी नव्हे!" आवडाबाई चारचौघांत ओरडल्या होत्या. ऐकतो कोण? बाई पळाली म्हटलं की लोकांना बरं वाटतं, शोधायचे कष्ट वाचतात.

माउस आणल्याच्या दुसऱ्याच दुपारी पोपट दुकानात हजर. पुन्हा लग्न करत होता. मुलगी मानपाड्याची, शीला.

"लाज आहे का रे मेल्या?"

"सोडचिठ्ठी झालीय, मावशी. जुनीच पत्रिका काढा, नावं तेवढी बदला. मांडव मागच्या अंगणात घालतोय. विहीर बुजवून टाकली, मस्त जागा झाली."

आवडाबाईंनी दात आवळून जुनी पत्रिका उघडली. सगळ्यात वर पोपटच्या आज्याचं नाव, कै. भिवाजी. खाली चि. पोपट आणि चि. सौ. कां. वासंती.

आणि बाण हलला.

आवडाबाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. बाण सावकाश वर गेला, त्याने आज्याच्या नावापुढचा 'कै.' उचलला, खाली आला… आणि वासंतीच्या नावापुढचं 'चि. सौ. कां.' पुसून तिथे ठेवला.

"मावशी… थट्टा करू नका…"

आवडाबाईंनी माउस उलटा करून बटण सरकवलं. बाण फिरतच राहिला. सेल काढले. तरीही फिरतच राहिला. माउसची पाठ ओली होती, गार. शेवाळलेल्या, कोंडलेल्या पाण्याचा वास खोलीभर पसरला.

"बंद करा ते…"

"मी कुठे करतेय?" आवडाबाईंचा आवाज खाली उतरला. "तुझी विहीर किती खोल होती रे, पोपट?"

तो चपला टाकून पळाला. आवडाबाई घाबरल्या नाहीत. एवढा संताप त्यांना जन्मात आला नव्हता. त्यांनी तीच पत्रिका छापली, पदर खोचला आणि थेट मानपाडा गाठला. शीलाला त्या घरात जाऊ द्यायचं नव्हतं.

शीलाच्या आईने, तुळसाने, दार उघडलं. आवडाबाईंनी पत्रिका पुढे केली.

"आता आणखी एक?" तुळसा चिडलीच. "सकाळी एक पोरगी देऊन गेली की! शुभकार्याची पत्रिका आणि डाव्या हाताने देते. चांगलं झापलं मी तिला. वर पत्रिका ही अशी, पाणी गळतंय नुसतं."

"सकाळी…? अगं बाई, छापली मी आत्ता दुपारी."

तुळसाने आतून ताटलीत ठेवलेली पत्रिका आणली. तीच होती. वासंतीच्या नावापुढे 'कै.' तसाच.

आवडाबाईंनी ती उजेडात धरली. पोपटच्या नावापुढचं 'चि.'सुद्धा तिथे नव्हतं.