खिडकीपाशी दोन ताटं

सरकार पडलं तेव्हा ते सगळ्यात आधी मला कळलं. खुद्द मंत्र्यांच्याही आधी, असं माझं म्हणणं. आमच्या घरातल्या एका माणसाला ते पटत नाही, म्हणून निदान शहराच्या आधी, असं धरून चला.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि माझा मामा ज्या हॉटेलात आचारी होता, तिथे वाढायचं काम करायचे. रस्त्याच्या पलीकडे एका सांजदैनिकाची कचेरी. पेपर दुपारी दोनला छापायला जायचा, त्यामुळे सकाळभर त्यांची आणि आमची सारखीच धावपळ. त्या दिवशी साडेदहाला आमचं दार धाडकन उघडलं आणि एक नवाच तरुण आत आला. कोपरापर्यंत शाई, केस असे की वाऱ्याने त्याच्याशी भांडण केलंय.

"बावीस चहा. बशा नकोत."

"संपादकसाहेबांचा?"

"बिनसाखर."

मी चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "अरेरे... पडलं वाटतं सरकार?"

त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच की."

"मी? मी फक्त चहा सांगितला!"

"बशा नकोत म्हणजे बसून प्यायला वेळ नाही. बावीस म्हणजे छपाईखान्यातली माणसंसुद्धा वर बोलावलीत. आणि संपादकसाहेब साखर सोडतात ती फक्त सरकार पडल्यावर. मागच्या खेपेलाही सोडली होती. नवं सरकार आलं, तसे परत चार चमचे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. डोळे काळेभोर, आणि डाव्या भुवईवर शाईचा एक ठिपका... तो पुसून टाकावा असं माझ्या हाताला वाटलं. मी हाताला दटावलं आणि किटली भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर.

"आमच्याकडची बातमी कुठून फुटते ते बघायला पाठवलंय मला."

"बघा की. फक्त खुर्ची अडवून बघायचं असेल तर काहीतरी मागवावं लागतं."

"चहा. पाव. बस."

बोलण्याची अशी काटकसर मी जन्मात पाहिली नव्हती. नंतर कळलं की त्याचं कामच ते. तो उपसंपादक होता. बातमीदार दोन-दोन पानं लिहून आणायचे आणि हा ती चार ओळींत बसवायचा. आमच्या भटारखान्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला टोपणनाव असायचं. त्याचं पडलं, कात्री.

आणि मी? मला सांगायला घेतलं की थांबता येत नाही. आमचं सूप इतकं दाट असायचं की चमचा त्यात ताठ उभा राहायचा आणि मालकीणबाई आल्या की किंचित वाकायचा. मामा कांदा चिरायला बसला की पलीकडच्या गल्लीत भांडणाऱ्या बायका भांडण सोडून एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या. हे सगळं मी कात्रीला वाढता वाढता सांगायचे. तो मान खाली घालून ऐकायचा, पाव मोडायचा आणि शेवटी वर बघून एवढंच म्हणायचा, "म्हणजे, सूप दाट आहे."

"तुमच्या जिभेला कुणी कुलूप लावलंय का हो?"

"लावलंय. तुमच्या जिभेला लावायचं तेवढं राहून गेलं."

थंडीचे दिवस होते. खिडकीतलं टेबल त्याचं ठरून गेलं. आतल्या वाफेने काच धूसर व्हायची आणि तो बोटाने तिच्यावर मथळे लिहायचा. मी प्लेट पडल्याची पाच मिनिटांची गोष्ट सांगितली, तर काचेवर उमटायचं, 'बशी फुटली.' मी दुखऱ्या दाताचं पुराण लावलं, तर 'गाल सुजला, बोलणं चालू.' तो गेल्यावर मी टेबल पुसायचे, पण काच पुसायचे नाही. वाफ विरायची आणि अक्षरं आपोआप जायची. त्यातली काही अजून गेलेली नाहीत...

बातमी कशी फुटते हे मी त्याला शिकवलं. मामाला तर पेपर वाचायची गरजच नव्हती. उकडलेल्या अंड्यांची मागणी वाढली, म्हणजे बातमीदार खिशात घालून लांब निघालेत, कुठेतरी संप. तळलेल्या बटाट्याच्या ताटल्या एकामागून एक चालल्या, म्हणजे सगळे रेडिओभोवती बसलेत, कुठलातरी सामना. आणि कुणी मोठं माणूस गेलं की मृत्युलेख लिहिणारे आजोबा आमच्याकडे येऊन निवांत दोन वाट्या सूप प्यायचे. त्यांचा लेख दहा वर्षांपासून तयार असायचा.

"आणि माझ्या ऑर्डरवरून काय कळतं?" एकदा कात्रीने विचारलं. माझ्याकडे न बघता. पावावर लोणी लावत, तेसुद्धा जरा जास्तच वेळ.

"तुमच्यावरून? तुम्ही रोज तेच मागवता. म्हणजे... बातमी काहीच नाही."

"आहे," तो म्हणाला. "पण छापलेली नाही."

माझ्या हातातला ट्रे हलला आणि चहा बशीत सांडला. त्याने तोच चहा बशीतून पिऊन टाकला.

एकदा त्याने विचारलं, "तुम्ही कधी जेवता?"

"उभ्याने. भटारखान्यात. वाढणाऱ्याने गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचं नाही, असा मालकीणबाईंचा कायदा आहे. तीन वर्षं झाली, या खुर्च्या मऊ आहेत की टणक हे मला ठाऊक नाही."

"आणि काय जेवता?"

"मामा देईल ते. फक्त कांदा नाही." मग मी त्याला कारण सांगितलं. लहानपणी मामाने बाजारातून एवढा मोठा कांदा आणला होता की तो दारातून आत येईना. शेवटी तो बाहेरच ठेवला, रात्री तो उतारावरून गडगडत सुटला आणि त्याने शेजाऱ्यांची बकरी पळवून लावली. बकरी सापडली, पण ती पुन्हा कधी माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून कांद्याचं आणि माझं फाटलं.

कात्रीने सगळं ऐकून घेतलं. खिशातून पेन्सिल काढून एका चिटोऱ्यावर काहीतरी टिपलं.

"काय लिहिलंत?"

"दोन शब्द," तो म्हणाला आणि चिटोरा खिशात घातला.

पुढे हिवाळा सरत आला आणि एका सोमवारी मामा भटारखान्यात ऑर्डरच्या चिठ्ठ्या हातात धरून नुसताच उभा राहिला.

"काय झालं मामा?"

"अकरा वाजताहेत ना? आणि पलीकडून भरलेली ताटं मागवलीत. सूप, मासा, नंतर गोड. सगळ्यांनी. ऐन कामाच्या वेळी." त्याने चिठ्ठ्या खाली ठेवल्या. "पोरी, यांचा पेपर बंद होतोय."

आणि तसंच झालं. शहरातल्या सगळ्या बातम्या छापणाऱ्या त्या पेपराला स्वतःची बातमी छापायला शनिवारपर्यंत धीर झाला नाही. माणसं पांगायला लागली. कुणी शाळेत मास्तर झालं, कुणी सासऱ्याच्या दुकानात. मृत्युलेखवाले आजोबा येऊन गेले. त्यांनी सूप एकच वाटी घेतलं, आणि तेही अर्धं टाकलं.

कात्रीला लांबच्या शहरातल्या एका मोठ्या दैनिकाचं बोलावणं आलंय, हे मला त्याच्या मित्रांकडून कळलं. शुक्रवारी गाडी. तो स्वतः काही बोलला नाही. चहा, पाव, बस. मीही काही बोलले नाही आणि ते सगळ्यांच्या इतकं डोळ्यांवर आलं, की मालकीणबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

गुरुवारी सकाळी त्याची चिठ्ठी आली. मी वाढणारी, चिठ्ठी मीच भटारखान्यात वाचून दाखवायची. मी वाचली, "खिडकीचं टेबल. एक वाजता. दोन ताटं मासा. एकावर कांदा नको."

मामाच्या हातातला झारा थांबला.

"दोन ताटं?"

"दोन."

"हं." मामा अनुभवी माणूस. "कुणीतरी बाईमाणूस आहे. आणि चांगली ओळख आहे बरं का. ती काय खाते, काय नाही, हेसुद्धा त्याला पाठ आहे. जायच्या आधी लग्न ठरवून चाललाय बेटा."

पोरींनो, मी तुम्हाला खरंच सांगते, माझ्या पोटात त्या क्षणी मोठा खड्डा पडला. त्यात आमचं अख्खं हॉटेल मावलं असतं, वरच्या मजल्यासकट. सरकार पडलेलं मी चहावरून ओळखलं होतं. पण समोर मोठ्या अक्षरात लिहिलेलं मला वाचता आलं नाही. डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या दिवशी तर मामाने अजून कांदा चिरायलाही घेतला नव्हता.

मामाने दोन मासे भाजले, बाजूला बटाटे ठेवले. एकावर लोण्यात परतलेला कांदा, दुसरा तसाच. तो पाठमोरा झाला आणि मी मिठाचं भांडं उचललं. त्या बिनकांद्याच्या माशावर एक मूठ. मग बटाट्यांवर एक मूठ. मग तिचा चेहरा कसा असेल याची कल्पना केली आणि आणखी अर्धी.

एक वाजता मी दोन्ही ताटं घेऊन बाहेर आले. खिडकीत कात्री बसला होता. स्वच्छ शर्ट, शाईचा डाग नाही, केस बसवलेले. समोरची खुर्ची रिकामी.

"आल्या नाहीत वाटतं अजून?" मी विचारलं. आवाज असा, की सूपसुद्धा गोठावं.

"आल्यात," तो म्हणाला. उठला आणि समोरची खुर्ची मागे ओढून धरली. "बसा."

मी ताटं धरून उभीच. मागून मालकीणबाईंचा आवाज येईल म्हणून वाट पाहिली. त्या गल्ल्यावर मान वळवून भिंतीवरचं घड्याळ बघत होत्या. इतक्या मन लावून, की त्यांना आधीच विचारलेलं असणार हे उघड होतं.

"पण यातलं एक ताट..."

"एकावर कांदा नको," तो म्हणाला. खिशातून एक चुरगळलेला चिटोरा काढून त्याने टेबलावर ठेवला. पेन्सिलीने दोन शब्द. 'कांदा नको.' "बकरीची अख्खी गोष्ट यात बसवलीय मी."

मी बसले. खुर्ची मऊ होती. आणि समोर माझंच ताट, माझ्याच हाताने सजवलेलं...

"जेवा ना."

मी घास घेतला. समुद्र, पोरींनो. सगळा समुद्र, तळच्या शंखशिंपल्यांसकट. डोळ्यांतून धारा लागल्या. मी गिळला. दुसरा घेतला. नाही कसं म्हणणार?

त्याला वाटलं, मी रडतेय. आणि तो, तीन शब्दांच्या पलीकडे न जाणारा माणूस, भडाभडा बोलायला लागला. तिकडून बोलावणं आलंय, पण उत्तर अजून दिलेलं नाही. तिकीटही काढलेलं नाही, शुक्रवारचं मित्र उगाच बोलतात. इथल्या छापखान्यात जागा आहे, काम साधं आहे, नाव होणार नाही. पण तिकडे सगळ्या जगाच्या बातम्या लिहिल्या तरी काचेवर लिहायला काही नसेल. तीन महिने रोज ठरवतो की आज सांगायचं, आणि रोज चहा-पाव मागवून परत जातो. तो बोलत होता, शब्द शब्दांवर पडत होते, एकही कापलेला नाही. आणि माझ्या तोंडात मीठ, घशात मीठ, जीभ लाकडाची झालेली. सांगायचं केवढं होतं! आयुष्यात पहिल्यांदा मला एकच शब्द जमला.

"राहा."

तो थांबला. मग त्याने माझ्या ताटातला बटाट्याचा तुकडा उचलून तोंडात टाकला, मी "नको!" म्हणेपर्यंत. त्याच्या दोन्ही भुवया केसांत जाऊन बसल्या. तो खोकला. पाणी प्यायला. माझ्याकडे बघितलं, मग भटारखान्याच्या खिडकीतून बाहेर आलेल्या मामाच्या डोक्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"हे... तिच्यासाठी होतं?"

मी मान हलवली.

"किती मुठी?"

"अडीच."

तो हसायला लागला. मी त्याला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्याने माझं ताट आमच्या दोघांच्या मध्ये ओढलं आणि आम्ही ते मिळून संपवलं, मधून मधून त्याच्या ताटातल्या माशाचा आधार घेत. अकरा जग पाणी लागलं. त्या संध्याकाळी शहराचे नळ आटले होते.

पेपर दोन दिवसांनी बंद झाला. छापखान्यात त्याने पुढे छत्तीस वर्षं काढली. हॉटेल आता नाही, तिथे चष्म्यांचं दुकान आहे. मामा नाही, मालकीणबाई नाहीत. त्या खिडकीच्या काचेत आता नुसत्या फ्रेमा मांडलेल्या असतात आणि मी तिथून जाताना उगाच बोटाने काच पुसून बघते. आत वाफ नसते.

डॉक्टरांनी गेल्या वर्षी आमचं मीठ तोडलं. "तुमच्या वाट्याचं तुम्ही कधीच खाऊन संपवलंय," असं मी माझ्या म्हाताऱ्याला म्हणते. आत्तासुद्धा तो इथेच बसलाय, पेपराआड. मघापासून हे सगळं ऐकतोय आणि मला ठाऊक आहे, अकरा जगांवर त्याचा आक्षेप आहे.

"चार," तो पेपराआडूनच म्हणाला.

"बरं, चार. आणि बाकीची गोष्ट? ती तरी लांबली नाही ना?"

त्याने पेपर खाली घेतला. भुवया पांढऱ्या झाल्यात, डोळे मात्र तसेच. पुढ्यातला चहा वाफाळत होता. त्याने चष्मा काढून कपावर धरला, काच धूसर झाली, आणि बोटाने तिच्यावर काहीतरी लिहून तो माझ्यासमोर धरला. मला जवळचं दिसत नाही. वाफ विरायच्या आत मी घाईघाईने वाचलं.

'ती बसली.'