सोबत येणाऱ्याचा निरोप

एर्सीलियाच्या डोंगरातल्या गावात पाहुणा जायला उठला की खरा पाहुणचार सुरू होतो. खुर्चीपाशी एक निरोप, दाराशी दुसरा, जिन्यात तिसरा. प्रत्येकाच्या दोन्ही गालांचे मुके घ्यायचे आणि तासाभराच्या ओळखीलाही जन्माची ओळख असल्यासारखं म्हणायचं, ‘आ प्रेस्तो’, लवकरच भेटू. एवढं सगळं होईतो दुसरी कॉफी थंड होते.

समोरच्या घरात नुकतीच राहायला आलेली ओर्तेन्सिया त्या दुपारी ओळख करून घ्यायला आली आणि बघताक्षणी एर्सीलियाच्या डोळ्यांत खुपली. बाईने कॉफीला हातही लावला नाही. त्यात एर्सीलियाचा नवरा एवारिस्तो, न्यूमोनियाने तीन आठवडे उशीवरून मान न उचललेला, तिला पाहून चक्क उठून बसला आणि विस्कटलेले केस सारखे करू लागला. या वयात ही थेरं! एर्सीलिया आतल्या आत धुमसत राहिली.

ओर्तेन्सिया निघाली. तिने एर्सीलियाच्या लेकीला, लीवियाला, जवळ घेतलं, दोन्ही गालांचे मुके घेतले. "भेटून फार बरं वाटलं गं, पोरी." एवारिस्तोच्या खाटेजवळून मात्र ती तशीच पुढे गेली.

"आमच्या ह्यांचा निरोप नाही घेतलात?" एर्सीलियाने खोचकपणे विचारलं.

"त्यांचा कशाला?" बाई गोड हसली. "सोबत येणाऱ्याचा कुणी निरोप घेतं का, ताई?"

एवारिस्तो पांघरूण सारून पायांनी बूट चाचपडत होता...

एर्सीलियाचा संशय खरा होता, फक्त फार लहान होता. ती धावत जाऊन दारात आडवी उभी राहिली.

"निरोप घ्या त्यांचा. दोन्ही गाल."

"मी एकटी परत जात नसते, ताई..."

"ते मागाहून बघू! आधी ह्यांचा निरोप घ्या!" भीतीने तिला रडू फुटलं होतं.

ओर्तेन्सियाने वाकून एवारिस्तोच्या दोन्ही गालांना ओठ लावले. तो मागे रेलला, खोकला, आणि त्याने पाणी मागितलं. लीविया स्वयंपाकघराकडे पळाली. एर्सीलियाच्या जिवात जीव आला.

दाराशी तिने सवयीने गाल पुढे केला. ओर्तेन्सियाने मुका घेतला नाही. हलकेच तिचं कोपर धरलं.

"सांभाळून हं... जिना अंधारा आहे."

दोघी उतरू लागल्या. वरून लीवियाचा आवाज आला, "आई, अशी दारात काय बसलीस? ऊठ ना... आई?"

एर्सीलियाच्या घराचा जिना अठरा पायऱ्यांचा. ती पंचविसावी उतरत होती.