आत्याच्या हातचा मरवा

प्रयोगशाळेत तिला सगळे चष्मिष म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत तिचं काम ठरलेलं होतं. सुगंधी औषधी वनस्पतींचा अर्क काढायचा, प्लेटमधल्या कर्करोगाच्या पेशींवर थेंब थेंब सोडायचा आणि किती पेशी मरतात ते मोजायचं. प्लेटला हरभऱ्याएवढे खळगे, त्यांत गुलाबी द्रव आणि तळाशी पेशी. पुदिना झाला, ओवा झाला, गवती चहा झाला. पेशी मरत, पण रडतखडत. खोलीला मात्र असा घमघमाट सुटे की शेजारच्या विभागातले लोक उगाच काहीतरी मागायला येत.

"औषध राहू दे, आपण अत्तराचं दुकान टाकू," रेडिओ म्हणायचा. रेडिओ म्हणजे तिच्यासोबत काम करणारा तंत्रज्ञ. एकदा सुरू झाला की त्याचं बटण कुणाला सापडत नसे.

मरवा आला तो आत्याकडून. आत्या सत्तरीची, हसऱ्या तोंडाची, दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिची गॅलरी कुंड्यांनी भरलेली. "विकतचा कशाला आणतेस गं? माझा बघ कसा माजलाय," म्हणत तिने स्वतः खुडून भलीमोठी जुडी हातात कोंबली.

दुसऱ्या दिवशी मरव्याच्या खळग्यांत एकही पेशी जिवंत नव्हती.

रेडिओने टेबलाभोवती चक्क फेर धरला. चष्मिषने मात्र प्रयोग पुन्हा लावला. निकाल तोच. मग बाजारातला मरवा आणला, पेशी ढिम्म. आत्याच्याच कुंडीतला, पण स्वतः खुडून आणला, तरी ढिम्म.

"आत्याच्या हाताला गुण आहे," रेडिओ म्हणाला.

"हाताला साबण असेल," चष्मिष म्हणाली.

म्हणून आत्यालाच बोलावलं. हात धुवायला लावले, वर हातमोजे चढवले आणि सीलबंद बाटली तिच्या हातात दिली. आत नुसतं शुद्ध केलेलं पाणी.

"दहा मिनिटं धरून बस, आत्या."

"एवढंच? मला वाटलं, भांडी घासायला लावतेस की काय!" आत्या बसली आणि दहा मिनिटं तिने सगळ्यांना हसवून हसवून बेजार केलं.

त्या पाण्यानेही सगळ्या पेशी मेल्या. तशीच दुसरी बाटली कपाटात होती, तिच्या पाण्याने एकही नाही.

रेडिओने बाटलीचं सील तीनदा तपासलं.

विभागाचे सर कागद उलटसुलट करत म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही, पण चांगल्या पेशी तगतात का ते बघा. त्याही मेल्या तर हे औषध कसलं, विषच." मग निरोगी माणसांचं रक्त हवं म्हणून पाच जणांनी बाह्या वर केल्या. सर, रेडिओ, कारकूनबाई, दारावरचा रखवालदार आणि चष्मिष. रखवालदाराने सुई बघून डोळे मिटले, त्यावर दोन दिवस विनोद चालले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या केल्या आणि त्यांवर आत्याच्या बाटलीतलं पाणी सोडलं.

सकाळी चष्मिष एकटीच सूक्ष्मदर्शकाशी बसली. खिडकीतून छान ऊन येत होतं. सरांच्या पेशी ठणठणीत. कारकूनबाईंच्या, रखवालदाराच्या, रेडिओच्याही. "तुझ्या तर तुझ्यासारख्याच, काही केल्या बंद पडत नाहीत!" ती ओरडली. बाहेर रेडिओने आनंदाने आरोळी ठोकली.

मग तिने पाचवा खळगा भिंगाखाली घेतला.

तळ स्वच्छ होता.

तिने खळग्याशेजारी चिकटवलेली चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. तिचंच अक्षर, तिचंच रक्त. शेजारच्या खळग्यात तिच्याच पेशी होत्या, साध्या पाण्यातल्या. त्या मजेत होत्या.

आधीचे चार खळगे सांगत होते, हे पाणी चांगल्या पेशींना हात लावत नाही.

बाहेर हशा पिकला आणि दार उघडलं. आत्या. आज तिला कुणी बोलावलं नव्हतं. रेडिओच्या कसल्याशा विनोदावर हसतच ती आत आली आणि तिने दार लोटलं. इकडेतिकडे न बघता सरळ चष्मिषपाशी आली आणि तिच्या डाव्या बरगड्यांखाली, एका ठरावीक जागी, तळवा टेकवला.

"आत्या, तुला कुणी सांगितलं?"

"कोण काय सांगणार? सहज आले." तिचा चेहरा तसाच हसरा होता. "हलू नकोस हं."

चष्मिष हलली नाही.

तळव्याखाली, खोल आत, काहीतरी हळूच बाजूला सरकलं.